रेडिओ गप्प झाला तेव्हा

माझ्या धाकट्या दिरांना कामावर कुणी नावाने हाक मारल्याचं मला आठवत नाही. सगळे त्यांना रेडिओ म्हणत. ते पाणबुडे होते. धरणाचे दरवाजे, जहाजांचे तळ, पुलांचे पाये, जिथे पाण्याखाली जाऊन पाना फिरवायची वेळ येई तिथे त्यांना सोडलं जाई. डोक्यावर हेल्मेट, हेल्मेटमध्ये टेलिफोन आणि काठावर एक कर्णा. त्या कर्ण्यातून त्यांचं बोलणं वरच्या सगळ्यांना ऐकू येई. पाण्यात उतरलेला माणूस म्हणे श्वास जपून वापरतो. भावजींनी तो कधी जपला नाही. खाली गाळ किती आहे इथपासून समोर आलेल्या माशाचं तोंड आपल्या मुकादमासारखं कसं आहे इथपर्यंत सगळं धावतं वर्णन चाले. मुकादम काठावरच उभा आहे, हे ठाऊक असूनही.

त्यांचा दोर धरायचं काम ह्यांचं, म्हणजे माझ्या यजमानांचं. दोर आणि हवेची नळी हातात घेऊन हे तासन्‌तास एका जागी उभे राहत, म्हणून ह्यांना 'खांब' म्हणत. एक भाऊ बोलून थकत नसे आणि दुसरा न बोलून. "दादा, ऐकतोयस ना रे?" असं खालून आलं की हे दोराला एक झटका देत. तेवढंच उत्तर. लग्नानंतर बरेच महिने मला वाटायचं, माझं काही तरी चुकतंय. मग लक्षात आलं की हे सगळ्यांशीच दोराच्या भाषेत बोलतात.

आम्ही सायकलच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत राहत होतो. आधी चौघं होतो, मामंजी गेल्यावर तिघं उरलो. मामंजी म्हणजे माझे सासरे. ते नकाशे काढणाऱ्या कचेरीत होते, आणि त्यांच्या हातची रेघ पट्टी न लावताही सरळ येई. निवृत्तीनंतर त्यांची आठवण झिरपायला लागली. पहिली खूण दिसली ती भिंतीवरच्या घड्याळाजवळ. दर रविवारी ते त्याला चावी देत. एका रविवारी चावी देऊन स्टुलावरून उतरले, हात पुसले, आणि पुन्हा स्टुलावर चढले.

"मामंजी, आत्ताच दिलीत ना चावी?" मी म्हटलं.

"छे गं! कुठे?"

हे त्यांनी इतक्या खात्रीने म्हटलं की मीच खोटी पडले. असं करता करता एक दिवस आतली स्प्रिंग तुटली. पुढची काही वर्षं कशी गेली ते सांगत बसत नाही. ज्यांच्या घरात असा आजार येऊन गेला आहे त्यांना सांगावं लागत नाही, आणि इतरांना सांगून कळत नाही. शेवटी शेवटी मामंजी भावजींनाच टपालवाला समजून विचारत, "माझ्या धाकट्याचं पत्र आलं का हो?" भावजी रोज सांगत, "उद्या नक्की येणार आहे, साहेब." मग मोरीत जाऊन मोठा नळ सोडत आणि बराच वेळ बाहेर येत नसत. मामंजी गेले, घड्याळ तसंच भिंतीवर राहिलं. बंद पडलेलं. ते उतरवायचं कुणी नाव काढलं नाही.

त्यानंतर घरात पहिली चांगली गोष्ट घडली ती भावजींच्या लग्नाची. कंपनीच्या आवारात पत्र्याच्या शेडमध्ये एक दाबाची टाकी होती. आडवी, लोखंडी, बॉयलरएवढी, बाजूला जाड काचेची गोल खिडकी असलेली. खोल पाण्यातून घाईने वर आलेल्या पाणबुड्याला त्रास झाला तर त्याला त्या टाकीत बसवून, आत हवा कोंडून, पुन्हा खोल पाण्याएवढा दाब द्यायचा आणि मग तो हळूहळू उतरवायचा. ही टाकी एक मुलगी चालवत असे. उंच, सावळी, कामात पक्की. दाब दाखवणाऱ्या काट्यांवरून तिची नजर हलत नसे. तिच्यासमोर गेलं की रेडिओचा आवाज आपोआप बारीक होई. शेवटी तिनेच एकदा विचारलं, "तुम्हाला काही बोलायचं आहे का? की तेही कर्ण्यातूनच ऐकायचं?" अशा रीतीने लग्न ठरलं. मी साड्या बघायला सुरुवात केली.

आणि एका संध्याकाळी भावजी हात धुता धुता म्हणाले, "वहिनी, त्यांना कळवून टाका. मला लग्न करायचं नाही."

"का?"

"नाही करायचं."

बस्स. रेडिओ बंद. त्या दिवसापासून घरात दोन खांब झाले. मुलीकडे मी कोणत्या तोंडाने गेले ते माझं मला माहीत. ती काट्यांकडे बघतच म्हणाली, "कारण सांगितलं असतं तर बरं झालं असतं." रडली नाही, भांडली नाही. भांडली असती तर मला सोपं गेलं असतं.

चार दिवस वाट पाहून एका दुपारी, हे बाहेर गेले असताना, मी भावजींना स्वयंपाकघरात गाठलं. ते दाराच्या उंबऱ्यावर बसून शेंगा सोलत होते आणि दाणे टरफलांत टाकत होते.

"मुलगी आवडेनाशी झाली?"

"नाही हो."

"तिने काही म्हटलं?"

"ती काय म्हणणार? ती गुणाची आहे."

"मग तुमच्याच डोक्यात काही तरी शिरलंय."

"तेच तर," ते म्हणाले. "डोक्यातच शिरलंय."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. धरणाच्या तळाशी जुन्या दरवाजाचं काम निघालं होतं. इतक्या खोल ते पूर्वी फारसे गेले नव्हते. खोल गेलं की डोकं हलकं होतं, हे कामावर सगळ्यांनाच माहीत होतं. त्याला ते लोक 'झिंग' म्हणत. नवखा माणूस खाली पोचला की खिदळायला लागे, गाणी म्हणे, एकाने तर मुकादमाला कर्ण्यातून पगारवाढ मागितली होती. म्हणून मुकादमाने नियम घालून दिला होता. तळाला पोचलं की टेलिफोनवर सतराचा पाढा म्हणायचा. पाढा बरोबर आला की डोकं ठिकाणावर.

भावजींनी पाढा खडखडीत म्हटला आणि त्यानंतर ते गप्प झाले. काठावर मुकादम म्हणाला, "चला, लग्न ठरल्याचा काही तरी उपयोग झाला. रेडिओ सुधारला!" सगळे हसले. हेही हसले असतील, म्हणजे ओठ जरा हलले असतील. वर आल्यावर भावजींनी सांगितलं, दरवाजाचे सगळे बोल्ट आवळून झाले. दुसऱ्या दिवशी दुसरा पाणबुड्या तपासायला उतरला. एकच बोल्ट आवळलेला होता. इतका आवळलेला, की त्याचे आटे झिजून गेले होते. बाकीच्यांना हातसुद्धा लागलेला नव्हता.

"मुकादम म्हणाला, कामचुकारपणा केलास. केला असता तर बरं झालं असतं, वहिनी. पण मला एकेक बोल्ट आठवतोय. हा आवळला, मग पुढचा, मग त्याच्या पुढचा. देवाशपथ आठवतोय. आणि त्यातला एकही खरा नाही."

असं म्हणून त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"बाबासुद्धा शपथेवरच सांगायचे ना? चावी दिलीच नाही म्हणून?"

मी टरफलांचा ढीग जवळ ओढला आणि त्यातले दाणे वेचायला लागले.

"तुम्ही बाबांचं सगळं केलंत. कसं केलंत ते मी पाहिलंय. आज त्या मुलीला घरात आणायची, आणि काही वर्षांनी तिलाच विचारायचं, बाई, तू कुणाकडे आलीस? हे ओझं जाणूनबुजून तिच्या पदरात बांधू?"

मी टरफलांतून दाणे वेचत राहिले. दुसरं काय करणार? मला सांत्वन करता आलं नाही, कारण मलाही तेच वाटत होतं.

संध्याकाळी मी ह्यांच्या कानावर घातलं. हे टॉवेलची घडी घालत होते.

"झिंग असेल," हे म्हणाले.

"झिंगेत माणूस हसतो ना? भावजी तर गप्प होते."

ह्यांचा हात थांबला. घडी तशीच अर्धी राहिली. "तेच," हे म्हणाले. "तो गप्प होता. मीच ओळखायला हवं होतं."

दुसऱ्या दिवशी हे थेट कंपनीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. तिथे हे स्वतःहून किती वाक्यं बोलले असतील याची मला आजही उत्सुकता आहे. डॉक्टरीणबाई ठेंगण्या, पन्नाशीच्या, आवाज खणखणीत. त्यांनी दोघा भावांना टाकीच्या शेडमध्ये बोलावलं. मला ह्यांनी सांगितलं, "आज डबा तू घेऊन ये." डब्याचं निमित्त होतं हे मला तिथे गेल्यावर कळलं.

टाकीपाशी ती मुलगी उभी होतीच. भावजी चपलांकडे बघत होते.

"बसा आत," ती म्हणाली. "कारण न सांगता लग्न मोडणाऱ्या माणसाला कोंडून दाब द्यायची संधी सगळ्यांना मिळत नाही."

"मुली, जरा बेताने दे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मला तो परत हवा आहे."

एका टेबलावर त्यांनी तबक मांडलं होतं. त्यात निरनिराळ्या मापांचे बोल्ट उभे रोवलेले आणि बाजूला नटांचा ढीग. ज्याचा नट त्याला लावायचा. भावजींनी सगळे नट झरझर बसवले. डॉक्टरीणबाईंनी मान डोलावली आणि तबक टाकीत ठेवलं. आत कुणालाही एकटं बसवायचं नाही असा नियम होता.

"मी बसतो," हे म्हणाले.

सगळे ह्यांच्याकडे बघायला लागले. आयुष्यभर दुसऱ्यांना पाण्यात सोडणारा हा माणूस स्वतः बादलीपलीकडे कधी ओला झालेला नव्हता. ह्यांना पोहताही येत नव्हतं.

"दादा, तू कशाला?" भावजी म्हणाले.

हे काही न बोलता वाकून आत शिरले. दार लागलं. मुलीने व्हॉल्व फिरवला आणि हवेचा असा आवाज सुरू झाला की मी डबा छातीशी धरला. दाब वाढतो तशी आतली हवा तापते. खिडकीतून दोघं घाम पुसताना दिसत होते. धरणाच्या तळाएवढा दाब झाल्यावर मुलीने हात वर केला. आवाज थांबला. टाकीलाही काठावरच्यासारखाच टेलिफोन आणि कर्णा होता. डॉक्टरीणबाईंनी टेलिफोन उचलला.

"पाढा म्हणा."

दोघांनी सतराचा पाढा म्हटला. आवाज चोंदलेल्या नाकातून यावेत तसे चिरके येत होते, पण पाढा बिनचूक.

"आता नट लावा."

भावजींनी एक नट उचलला, एका बोल्टला लावला, आवळला. मग सैल केला. मग पुन्हा आवळला. चेहरा अगदी गंभीर, परीक्षेला बसलेल्या मुलासारखा. बाकीच्या नटांकडे ढुंकून बघेनात. हेच ते. मामंजी स्टुलावर असेच दिसत.

आणि तेवढ्यात कर्ण्यातून एक चमत्कारिक आवाज आला. मला आधी वाटलं, कुठे हवा गळतेय. खिडकीला नाक लावून पाहिलं तर हे हसत होते. लग्नानंतर इतक्या वर्षांत मी ह्यांना दात दाखवून हसताना पाहिलं नव्हतं. हे खांदे हलवून, डोळे मिटून, फिसफिस हसत होते, आणि तबकातले नट एकेक करून खिशात भरत होते.

"तुम्ही काय करताय?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"घरी नेतोय," हे म्हणाले. "हिला आवडतील."

"कुणाला?"

"माझ्या बायकोला. फार हुशार आहे ती. माझ्यापेक्षा हुशार. तिला सांगू नका हं." आणि पुन्हा फिसफिस.

शेडमध्ये कुणी माझ्याकडे बघितलं नाही, एवढी सभ्यता सगळ्यांनी पाळली. मुलीने मात्र ओठ घट्ट मिटून घेतले होते आणि काट्यांवरची तिची नजर पहिल्यांदाच जराशी थरथरत होती.

"आण वर," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

दाब उतरायला लागला. आत गारठा पसरला, धुकं धरलं, काच पुसट झाली. थोड्या वेळाने धुकं विरलं तेव्हा ह्यांचा चेहरा पुन्हा खांबाचा झाला होता. भावजी हातातल्या नटाकडे बघत होते. मग त्यांनी तबकाकडे पाहिलं, मग ह्यांच्या फुगलेल्या खिशाकडे.

"दादा, खिशात काय आहे तुझ्या?"

ह्यांनी खिसा चाचपला. "नट."

"का?"

ह्यांनी एक नट बाहेर काढून उलटसुलट पाहिला. "मला काय माहीत!"

भावजी एकदम हसायला लागले. हसता हसता त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि त्यांचे खांदे जसे हलायला लागले ते काही हसण्याने नव्हतं. ह्यांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तसाच ठेवला. बाहेर यायला त्यांना आणखी पुष्कळ वेळ लागला, कारण दाब घाईने उतरवता येत नाही. तेवढा वेळ हात पाठीवरच होता.

बाहेर आल्या आल्या डॉक्टरीणबाईंनी तबक पुढे केलं. "लावा." भावजींनी सगळे नट झरझर लावले. ह्यांच्या खिशातले काढून घ्यावे लागले, ते वेगळं.

"बघा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वर बरोबर, खाली चूक, पुन्हा वर बरोबर. आजार असता तर माणसाबरोबर वर आला असता. हा खालीच राहतो."

"पण मला झिंग चढली नव्हती," भावजी म्हणाले. "मी एकदम शुद्धीवर होतो."

"ज्याला चढते त्याला असंच वाटतं. अहो, आपण श्वासात घेतो त्या हवेत बराचसा नायट्रोजनच असतो. इथे वर तो गरीब पाहुण्यासारखा कोपऱ्यात बसलेला असतो, चहासुद्धा मागत नाही. खोल पाण्याच्या दाबाखाली तोच पाहुणा स्वयंपाकघरात शिरतो आणि सगळ्या डब्यांची झाकणं अदलाबदल करून ठेवतो. भूल दिल्यासारखं होतं. बोलका माणूस गप्प होतो, आणि गप्प माणूस..." त्यांनी ह्यांच्याकडे पाहिलं आणि वाक्य तिथेच सोडलं. "मी स्वतः एकदा आत बसले होते, तेव्हा टाकीच्या भिंतीला औषध किती वेळा घ्यायचं ते समजावून सांगत होते."

"मग पाढा कसा बरोबर आला?"

"पाढा तोंडाला पाठ असतो. तोंड चालवायला डोकं लागत नाही, हे तुम्हाला तरी सांगायला नको."

भावजींनी आणखी एक प्रश्न विचारला, अगदी हळू. म्हातारपणी बाबांसारखं होणार नाही ना? डॉक्टरीणबाईंनी खोटा धीर दिला नाही, म्हणून त्या मला कायम आवडल्या. त्या म्हणाल्या, "म्हातारपणी काय होईल ते मला माझंही सांगता येत नाही. पण आज तुमचं डोकं तुमच्या दादाच्या डोक्याइतकंच शाबूत आहे. आणि खाली दोघांचंही सारखंच बिघडतं."

त्या गेल्या. शेडमध्ये ती मुलगी व्हॉल्व पुसत होती, जो मुळीच मळलेला नव्हता. सगळं तिच्यासमोरच बोललं गेलं होतं. मी ह्यांचा हात धरून दाराकडे निघाले, पण दारातच थांबले. ऐकू येईल इतपत लांब.

"हे कारण होतं?" तिने विचारलं.

"हो."

"आणि मला सांगावंसं वाटलं नाही?"

"घाबरलो होतो."

"वर असताना?"

"हो. वर असताना."

"मग ते मात्र नायट्रोजनच्या माथी मारू नका," ती म्हणाली. आणि मग इतकी हसली, की मला वाटलं टाकीतली हवा बाहेर आली की काय. त्या रात्री मला मेल्यासारखी झोप लागली.

लग्न ठरल्या वेळीच झालं. कामावर सतराचा पाढा बंद झाला. आता तळाला पोचलं की दोर धरणाऱ्याने पाठ नसलेलं काही तरी विचारायचं, रोज नवं. ह्यांना नवं काय सुचणार? हे विचारत, "आज भाजी कसली होती?" आणि पाण्याखालून भावजी सविस्तर सांगत, कसली होती, किती करपली होती आणि कुणी करपवली होती. त्यामुळे माझ्या स्वयंपाकाची कीर्ती साऱ्या काठावर पसरली. एकदा उत्तर आलं, "छान होती भाजी." बाकी काही नाही. ह्यांनी तत्क्षणी सांगितलं, "वर ओढा." मुकादमाने विचारलं, काय झालं? हे म्हणाले, "त्याने नावं ठेवली नाहीत." आणि खरोखरच भावजी वर आले तेव्हा खाली नेलेल्या दोन हत्यारांपैकी एकही त्यांच्या हातात उरलं नव्हतं.

पुढे फार खोल कामांसाठी कंपनीने साधी हवा सोडून नायट्रोजनऐवजी हेलियम घातलेली हवा आणली. डोकं ताळ्यावर राहू लागलं, पण आवाज बदकासारखा येई. माझी जाऊ म्हणायची, "अखेर ह्यांच्या बोलण्याला शोभेसा आवाज मिळाला."

ह्यांनी टाकीत माझ्याबद्दल जे म्हटलं ते शेवटपर्यंत कबूल केलं नाही. "मला आठवत नाही," एवढंच म्हणत. त्या दिवशीचा एक नट मात्र ह्यांनी परत केला नव्हता. तो माझ्या शिवणाच्या डब्यात सापडला, आणि मी तो तिथेच राहू दिला.

हे जाऊन आता बरीच वर्षं झाली. मामंजींची आठवण ज्या वयात झिरपायला लागली, ते वय भावजींनी केव्हाच मागे टाकलं. चष्मा शोधतात, तो कपाळावर असतो. दूधवाल्याला दोनदा 'काय म्हणतोस' विचारतात. पण हे तर मीही करते, आणि माझी जाऊही करते, आणि कुणी भिंतीकडे बघत नाही. ते जुनं घड्याळ भावजींनी लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात उतरवून नवी स्प्रिंग बसवून आणलं होतं. आता ते त्यांच्या घरात आहे. परवा रविवारी मी तिथे होते. भावजी स्टुलावर चढले, चावी दिली, उतरले, आणि हात पुसत जरा थांबले.

"दिलीत," जाऊ आतूनच म्हणाली.

"मला माहीत आहे दिली ते. मी वहिनींना विचारणार होतो, आज भाजी कसली."

"तोंडली," मी म्हटलं.

"मग मी पाण्याखालीच बरा होतो," ते म्हणाले आणि पानावर येऊन बसले.